पावसाळ्यात कंपोस्टची बादली बिघडली. प्रयत्न सोडून द्यावा काय?

प्रश्न (शहापूर, बेळगाव):
आठ महिने मी ओला कचरा गच्चीवरील बादलीत कुजवत होते. परंतु आषाढातील संततधारेने बादलीत पाणी साचले, अळ्या झाल्या आणि सासूबाईंनी ती घंटागाडीत रिकामी करायला लावली. त्यातच परवा पिशवी विसरल्याने भाजी कॅरीबॅगमधून आणावी लागली. सारे अर्धवटच जमत असेल तर करण्यात अर्थ आहे काय?

उत्तर (खानापूर):
आमच्याकडे पाऊस तुमच्याहून अधिक, त्यामुळे ती दुर्गंधी चांगली परिचयाची आहे. ओलावा वाढला की हवा कोंडते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. म्हणून तळाला भोके पाडून बादली झाकणासह विटांवर ठेवावी आणि एक भाग ओल्या कचऱ्यावर दोन भाग पालापाचोळा किंवा उसाचे कोरडे पाचट घालावे. अळ्या खताला अपाय करत नाहीत, पण हे सासूबाईंना पटवणे मला तरी जमलेले नाही. मुसळधार पावसात मी केवळ भाजीच्या साली कुजवते, उरलेले गाडीला देते.

उत्तर (निपाणी):
३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅगांवर देशभर बंदी आहे, तरीही त्या बाजारात मिळतात. तेव्हा दोष एकट्या तुमचा नव्हे. जुन्या धोतराची पिशवी मी स्कूटरच्या डिकीत ठेवतो, आणि तीही कधीकधी घरी दोरीवर वाळत राहते.

प्रश्नकर्ती:
माहेरी, चिकोडीकडे, ऊस आहे. भावाला पाचटाचे एक पोते आणायला सांगितले आहे.