व्यापारी झोन मिश्र वापरात घ्यायचा ठराव झाला, आता वर फ्लॅट काढता येतील का?

प्रश्न:
आमच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेने बाजारपेठेलगतचा व्यापारी पट्टा मिश्र वापरात घ्यायचा ठराव केला आहे, एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम ३७ खाली. इमारतीत तळमजल्यावर दुकानं, वर दोन मजले रिकामी ऑफिसं. आर्किटेक्ट म्हणतो लगेच नकाशा दाखल करू. करावा का?

भागनकाशा:
घाई नको. नुसत्या ठरावाने झोन बदलत नाही. राजपत्रात नोटीस, हरकती-सूचनांना एक महिना, बाधितांना वेगळी नोटीस, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. ३७(२) ची मंजुरी निघाली की बदल खरा, आणि तीही अटी घालून निघू शकते. फेरबदलाने विकास आराखड्याचं मूळ स्वरूपच बदलतंय अशी हरकत आली तर गाडं अडतं, कारण ३७ किरकोळ फेरबदलापुरतंच आहे.

पण हे सगळं लागतंय का, तेच आधी बघा. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, यूडीसीपीआरमधली तुमच्या झोनची वापरयादी वाचा (ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, डिसेंबर २०२० पासून लागू, मुंबईला वेगळी). व्यापारी झोनमध्ये निवासी वापर आधीच चालत असेल तर तुमचा प्रश्न फक्त बांधकाम परवानगीचा उरतो. सभागृहात टाळ्या मिळवायला नको तिथेही ठराव होतात.

नोटिशीत 'गट क्र. अमुक पै.' असं असेल तर तो 'पै.' (पैकी, म्हणजे गटाचा काही भागच) सोडू नका. नकाशावर रंगवलेला तुकडा आणि सातबाऱ्याचं क्षेत्र जुळत नसेल तर त्याच महिन्यात लेखी हरकत द्या, पोच घ्या. पुढे बँकेचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

स्लॅबपंचवीस:
कागद होतील हो, स्लॅबचं काय? ऑफिसच्या स्लॅबला सहसा संडास-बाथरूमचा खड्डा नसतो. मग पाइप झाकायला लोक वरून फूटभर विटांचा भराव टाकतात. तो एकटाच चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. घराच्या खोलीचा धरलेला वापरभार (माणसं-सामानाचं वजन) साधारण २०० किलो. त्यात विटांच्या भिंती. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कॉलम-बीम तपासून घ्या. भिंती हलक्या ब्लॉकच्या करा आणि संडास जुन्या ड्रेनेज पाइपलगतच ठेवा, म्हणजे उताराला जास्त भराव लागत नाही.

प्रश्नकर्ता:
परवानगी येईपर्यंत भाडेकरू ठेवले तर?

भागनकाशा:
नका ठेवू. विनापरवाना वापरबदल म्हणजे एमआरटीपी कलम ५२-५३, शिक्षा आणि वापर बंद करायची नोटीस. शिवाय पार्किंग वापरानुसार मोजतात, तेही नव्याने बसवून दाखवावं लागेल. परवानगी आली की घरांचे वीजमीटर दुकानांपासून वेगळे घ्या, नाहीतर घराच्या युनिटलाही व्यापारी दर लागतो. मालमत्ता कराची फेरआकारणीही मजल्यागणिक वापर लिहून मागा.