‘पासंड’, ‘पाखंड’ आणि ‘वचिगुती’

सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखाच्या मराठी अनुवादात ‘पाखंड’ हा शब्द आला की वाचक अडखळतो, आणि त्याने अडखळावेच. गिरनारला कोरलेल्या पाठानुसार राजा ‘सवपासंडानि’, म्हणजे सर्व पासंडांना पूजतो. आजच्या मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी किंवा धर्मबुडवा, आणि तो अर्थ धरला तर लेखाचा अनर्थ होतो.

अर्थाची किल्ली त्याच लेखात आहे. तिथे ‘परपासंड’ आहे तसा ‘आत्पपासंड’, म्हणजे आपला स्वतःचा पासंडही आहे, आणि ज्या शब्दाने माणूस स्वतःचा पंथ सांगतो तो शब्द निंदेचा असू शकत नाही. अफगाणिस्तानातील कंदाहारच्या अशोकाच्याच ग्रीक लेखात ‘पासंड’साठी ‘दियात्रिबे’ हा तत्त्वज्ञांच्या शाळेसाठी रूढ असलेला शब्द योजला आहे. पुढे कलिंगाचा राजा खारवेल याने हाथीगुंफा लेखात ‘सवपासंडपूजको’ हे बिरुद अभिमानाने मिरवले. मनुस्मृती मात्र पाषंडींचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, असे बजावते (४.३०). मराठी ‘पाखंड’ या दुसऱ्या परंपरेतून आला आहे. म्हणून अनुवादात ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ हाच शब्द वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या धोरणाला आपण सरसकट ‘सहिष्णुता’ म्हणतो, तेही मला अपुरे वाटते. त्या शब्दाच्या मुळाशी ‘सह्’ म्हणजे सोसणे हा धातू आहे, तर लेखात सोसण्याची गोष्टच नाही. सर्व पंथांची ‘सारवढी’, म्हणजे त्यांच्यातील साराची वाढ व्हावी, हा हेतू तिथे सांगितला आहे, आणि तिचे मूळ ‘वचिगुती’ असल्याचे म्हटले आहे. ‘वचि’ म्हणजे वाणी आणि ‘गुती’ म्हणजे गुप्ती, राखण. मराठी जैन वाचकांना ‘वचनगुप्ती’ म्हणून ती परिचितच आहे. आपल्या पंथाची स्तुती आणि परक्याची निंदा अकारण होऊ नये, आणि प्रसंग असला तरी ती ‘लहुका’, म्हणजे हलकी असावी, इतका बारीक विचार त्या ओळीत आहे. टीकेला बंदी नाही, टीकेच्या वजनाला मर्यादा आहे; हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

हा नुसता उपदेश नव्हता. लेखाच्या शेवटी या कामासाठी नेमलेल्या धम्ममहामात्रांचा, म्हणजे धम्माच्या कामावरील अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीविक (तेव्हाचा एक श्रमण पंथ) व निर्ग्रंथ (जैन) हे त्यांच्या देखरेखीचे विषय म्हणून नावानिशी येतात. स्वतः बौद्ध उपासक असलेल्या या राजाने राज्याभिषेकानंतर बारा वर्षांनी बिहारमधील बराबरच्या डोंगरातील लेणी आजीविकांना दिली. अर्थात पहिल्याच शिलालेखात पशुबळीला मनाई आहे, तेव्हा राजाने सर्वच आचार जसेच्या तसे चालू दिले असे म्हणता येत नाही.

‘वचिगुती’साठी ‘वाणीसंयम’ चालेल, परंतु त्यात राखणीचा भाव उणा पडतो. मी ‘वाणीची राखण’ असेच लिहीन.