हृदयरोग असलेल्या वडिलांना फिरून आल्यावर दुपारपर्यंत गळून गेल्यासारखे होते. कारण काय असावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

आमचे आप्पा ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि रक्तदाबाचा त्रास त्याआधीपासूनच आहे. सध्या मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन व लघवीचे औषध एकत्र असलेली एक गोळी, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी एवढी औषधे चालू आहेत, आणि ती सर्व ते सकाळी सहाला चहाबरोबर घेतात. त्यानंतर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पाऊण तास चालून येतात, घरी येताच बंबातल्या कढत पाण्याने अंघोळ करतात आणि मग जे आडवे होतात ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नाहीत. छातीत दुखत नाही, चालताना विशेष दमही लागत नाही, पण हातापायांतले बळ कोणी काढून घेतल्यासारखे वाटते असे ते सांगतात. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही ठीक आहेत. हे सहा महिन्यांपूर्वी नव्हते. पुण्याच्या भावाने त्यांना मनगटावरचे घड्याळ आणून दिले असून, व्यायाम खरा व्हायचा तर नाडी १२० पर्यंत गेली पाहिजे असे त्याचे म्हणणे आहे. आप्पांची मात्र ८५ च्या वर जात नाही, म्हणून ते आणखी भरभर चालू लागले आहेत. फिरणे बंद करावे का, हे कळत नाही आणि काळजी वाटते.

उत्तर (निवृत्त फिजिओथेरपिस्ट, शहापूर)

फिरणे बंद करू नका, पण १२० चा हट्ट आजच सोडायला सांगा. २२० मधून वय वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, या हिशेबाने ७१ व्या वर्षी साधारण ११९ येतात. तुमच्या भावाचा आकडा तिथूनच आला असणार. हा हिशेब मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर औषध घेणाऱ्या माणसासाठी नाही. मेटोप्रोलॉलचे कामच मुळी हृदयाचे ठोके आवरून धरण्याचे आहे, त्यामुळे कितीही जोर लावला तरी नाडी एका मर्यादेपुढे जात नाही आणि तो जोर सगळा पायांच्या स्नायूंवर येतो. अशा रुग्णांना आम्ही नाडी मोजायला न लावता बोलायला लावत असू. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, किंवा एखादा अभंग न तुटता म्हणता आला पाहिजे. ज्या क्षणी दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, त्या क्षणी वेग जास्त झाला असे समजावे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे थकवा नेमका केव्हा येतो. चालतानाच येणारा थकवा, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी येणारा थकवा आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. तुमच्या वर्णनावरून त्रास चालण्यापेक्षा चालून झाल्यावर जास्त दिसतो. व्यायामानंतर पायांतल्या रक्तवाहिन्या बराच वेळ सैलावलेल्या राहतात आणि रक्तदाब थोडा खाली येतो. त्यात सहा वाजता घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम होत असतो, लघवीच्या औषधाने अंगातले पाणी कमी झालेले असते, आणि त्यावर कढत पाण्याची अंघोळ म्हणजे त्वचेतल्या वाहिन्याही उघडणार. निरोगी तरुणाला हे जाणवत नाही. वयाने शरीराची सावरण्याची क्षमता मंदावली की जाणवते.

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा मोजा, नंतर उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. फिरायला जाण्यापूर्वी एकदा आणि अंघोळीनंतर एकदा, असे चार-पाच दिवस लिहून ठेवा. वरचा आकडा उभे राहिल्यावर २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. शेवटची सात-आठ मिनिटे अगदी सावकाश चालावे, एकदम थांबू नये, अंघोळ अर्ध्या तासाने आणि कोमट पाण्याने करावी. चालण्याची ही शेवटची सावकाश मिनिटे कोणालाच महत्त्वाची वाटत नाहीत, पण माझ्या पाहण्यात बऱ्याच जणांचा त्रास तेवढ्यानेच कमी झाला आहे.

उत्तर (निपाणी)

माझ्या सासूबाईंचा अनुभव सांगते, कारण त्यांचाही इको चांगला होता आणि आम्ही त्याच्यावरच विसंबून राहिलो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यानंतर त्यांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे होती. चार-पाच महिन्यांनी देवळापर्यंत जाऊन आल्या तरी पडून राहू लागल्या. आम्ही सारे वयावर घालत होतो. शौचाला डांबरासारखे काळे होत असल्याचे त्यांनी संकोचाने कोणालाच सांगितले नव्हते. ते माझ्या मोठ्या जावेने विचारले तेव्हा कळले. हिमोग्लोबिन ८.९ निघाले. जठरात व्रण होता आणि त्यातून थोडे थोडे रक्त जात होते. तेव्हा आप्पांना हा प्रश्न घरातल्या कोणीतरी स्पष्टपणे विचारावा, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे. औषधे मात्र स्वतः बंद करू नयेत. आमच्याकडे तीही चूक होता होता राहिली. स्टेंट असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली तर त्यात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, असे डॉक्टरांनी नंतर समजावले.

उत्तर (फिजिशियन, खानापूर तालुका)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. थोडी भर घालतो.

इको ठीक आहे म्हणजे बहुतेक वेळा हृदयाचे आकुंचन ठीक आहे. वय, रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे हृदयाची भिंत ताठर होते, तेव्हा आकुंचन चांगले राहूनही ते नीट सैलावत नाही, आणि हा दोष विश्रांतीच्या वेळी लपून चालल्यावर उघड होऊ शकतो. रोज सकाळी लघवीनंतर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, घोट्यांवर बोटाने दाबल्यावर खळगा राहिला किंवा झोपल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागल्या, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. एनटी-प्रो-बीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी अशा वेळी उपयोगी पडते. थायरॉइड, सोडियम आणि पोटॅशियम पाहावेच, विशेषतः लघवीचे औषध चालू असताना. मांड्या दुखत असतील तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विचार करून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करता येते. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण छातीत न दुखता केवळ अकारण थकव्याच्या रूपानेही दिसते, म्हणून सहा महिन्यांत झालेला बदल हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. चालताना भोवळ आली, घाम फुटून जबडा किंवा हात जड झाला, तर तिथेच बसून १०८ ला फोन करावा.

आपल्या भागातली एक अडचण मला रोज दिसते. मराठी घरातला वृद्ध कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांना ‘सुस्तु’ म्हणतो आणि त्या एका शब्दात दम, अशक्तपणा, चक्कर सगळे घालतो. तोच माणूस आम्हा मराठी डॉक्टरांसमोर ‘सुस्ती’ म्हणाला तर ऐकणाऱ्याला आळस वाटतो. म्हणून शब्द बाजूला ठेवून घडलेले सांगावे: किती अंतर चाललो, कुठे थांबावे लागले, श्वास कमी पडला की पाय उचलेनात, आणि किती वेळाने बरे वाटले.

प्रश्नकर्तीचे उत्तर (टिळकवाडी)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सहा दिवस वही ठेवली. फिरायला जाण्यापूर्वी झोपून आणि उभे राहून यांत आठ-दहाचाच फरक होता, पण अंघोळीनंतर झोपून १३८ असलेला दाब तीन मिनिटांनी ११४ वर आला. डॉक्टरांनी ती पाने पाहून लघवीचे औषध काढले आणि केवळ टेल्मिसार्टन ठेवले. हिमोग्लोबिन ११.४ आले, फेरिटिनही कमी आहे. शौचाबद्दल विचारले तेव्हा आप्पा प्रथम रागावले, मग मधूनमधून काळसर होते असे म्हणाले. स्वतःहून कोणतीही गोळी बंद केलेली नाही, जठराची दुर्बिणीतून तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. घड्याळ त्यांनी स्वतःच काढून ठेवले असून, आता शेजारच्या काकांशी बोलत बोलत डेपोच्या दोन फेऱ्या घालतात आणि घरी निघण्यापूर्वी बाकावर बसतात. काल साडेनऊला ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. तपासणीचा अहवाल आला की येथेच लिहीन.