पत्रिकेवरची नावं सुलेखनकाराकडून लिहून घ्यावीत का?

शाईपेन
पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. पत्रिकेवरची 'शलाका' आणि 'शैलेश' ही दोन नावं सुलेखनकाराकडून लिहून घेऊ म्हटलं, तर घरात दोन तट पडले. भाऊ म्हणतो, संगणकात एवढे फॉन्ट पडलेत, वेगळे पैसे कशाला? मी म्हणतो, घालावेत. छापखान्यातून आलेल्या नमुन्यात 'श' आणि 'ल' दोन्ही हिंदी वळणाचे होते. पोरीनं स्वतःचं नाव पहिलीपासून असं कधी लिहिलेलंच नाही! सुलेखनकारांनी बोरूनं एकदा लिहून दाखवलं. 'शैलेश'वर तीन मात्रा येतात. फॉन्टात त्या एकसारख्या होत्या. त्यांनी पहिल्या दोन आखूड ठेवल्या आणि तिसरी लांबवर 'शलाका'च्या दिशेनं झुकवली. ती दोन नावं शेजारी आहेत म्हणूनच ती मात्रा तशी आली.

हिशेबनीस
मुलीच्या लग्नात ३०० पाकिटांवरचे पत्ते असे लिहून घेतले होते. अक्षर देखणं, शंकाच नाही. पण पिनकोडचे आकडे इतके वळणदार की काही पाकिटं परत आली. आत्याला पत्रिका लग्न झाल्यावर मिळाली. तिला काय वाटलं असेल, हा सल अजून जात नाही. पत्रिका हे आधी बोलावणं आहे.

शाईपेन
पत्ते साधेच हवेत, मान्य. मी फक्त नावांचं बोलतोय. ती एकदाच लिहायची, स्कॅन करायची आणि बाकी मजकुरासोबत छापायची.

जुळारी
वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, म्हणून हे मनाला लागलं. फॉन्टामागेही माणसाचाच हात असतो. र. कृ. जोशी मोठे सुलेखनकार, आणि विंडोजवरचा 'मंगल' फॉन्ट त्यांनीच घडवला. मराठी वळणाचे ल-श असलेले फॉन्ट आज फुकट मिळतात. छापखान्यानं तो निवडला नाही, ही चूक निवडणाऱ्याची. ज्याला सुलेखन परवडत नाही त्याची पत्रिकाही नेटकी निघाली पाहिजे. मला त्याची काळजी जास्त वाटते.

मोडीवाचक
जुळारीदादा, कमल शेडगे नाटकांची नावं रेखाटायचे तेव्हा छापखान्यात खिळे होतेच की. तरी प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर मिळालं. दोन माणसांच्या नावांना एवढं मिळू नये?
आमच्याकडे आजी-आजोबांच्या लग्नाची यादी जपून ठेवली आहे. मोडीत लिहिलेली, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. ती वाचता यावी म्हणून मी मोडी शिकले. त्यात 'शालू एक' लिहून 'एक' खोडलंय आणि वर 'दोन' केलंय. शाई जरा वेगळी आहे. म्हणजे बोलणी मध्ये थांबली असणार, कुणीतरी हट्ट धरला असणार. आजी गेल्यावर तो खोडलेला शब्द मी कितीदा पाहिला असेल!

हिशेबनीस
ताई, वाचून गलबललो. पण यादी घरात राहते, पत्रिका महिनाभरात रद्दीत जाते. मग कुलदैवतापुढे ठेवायची पहिली पत्रिका तेवढी संपूर्ण हातानं लिहून घ्या. बाकीच्या छापा, फॉन्ट जुळारींना विचारून निवडा.

शाईपेन
पहिली पत्रिका हातानं, हे एकदम पटलं. भावालाही पटेल. पण छापील पत्रिकांवरची नावं मी सोडणार नाही. रविवारी शलाकालाच घेऊन सुलेखनकारांकडे जातो. नाव तिचं आहे, तिलाच ठरवू दे.