कोकणात साथ चाकरमान्यांनी आणली, हे वाक्य आता तरी तपासून पाहू या

परळची चाळ

काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, ‘२०२० च्या मे महिन्यापर्यंत कोकण स्वच्छ होते, मग मुंबईचे चाकरमानी आले आणि त्यांनी गावोगाव कोरोना वाटला.’ हे वाक्य मी लग्नात, बाराव्यात आणि एसटीच्या रांगेत इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकून गप्प बसण्याची मला सवय झाली होती. काल मात्र त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये गुहागर तालुक्यात सापडला, तो परदेशातून आलेला होता. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, तेही दुबईच्या सहलीहून परतलेले. विमानाने आला तो ‘प्रवासी’ आणि एसटीने आला तो ‘वाटणारा’, हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो?

आम्ही का आलो, हेही सांगतो. २३ मार्चला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या तेव्हा परळच्या चाळीतल्या गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक, खोलीत आम्ही अकरा जण होतो. एरवी त्यातले निम्मे रात्रपाळीला असतात, म्हणून ती खोली पुरते. आता सगळेच घरी, खाणावळ बंद, आणि मजल्यावर सामायिक संडास. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले, तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली आणि इतर वस्तीत १६ टक्के. अंतर पाळणे हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा नव्हे, तर चौरस फुटांचा प्रश्न होता, एवढे त्यावरून कळावे. मे महिन्यात प्रवासाचा पास मिळाला, रत्नागिरीच्या सीमेवरच्या कशेडी घाटात रात्रभर रांगेत उभे राहून कपाळाला तापमापक लावून घेतला आणि चौदा दिवस ज्या शाळेत मी शिकलो त्याच शाळेत जमिनीवर झोपलो. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती. माझ्या सख्ख्या चुलतभावाने जेवणाचा डबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवला आणि मी तो उचलेपर्यंत पाखाडीवर उभा राहून पाहत राहिला, मी गडगा ओलांडतो की काय म्हणून.

खाडीकाठ

मी त्या वेळी आमच्या गावच्या ग्राम कृती दलात, म्हणजे साथीसाठी नेमलेल्या गावसमितीत, होतो, त्यामुळे गडग्याच्या दुसऱ्या बाजूने बोलतो. तुमच्या भावाने डबा ठेवला, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगता; चौदा दिवस दोन वेळचा डबा कोणी रांधला, हे मात्र सांगत नाही.

एप्रिलच्या अखेरीस आमच्या जिल्ह्यात रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. मे महिन्यात पास सुटले आणि महिनाअखेर आकडा शेकड्यांत गेला, आणि रोजच्या यादीत बहुतेकांच्या नावापुढे ‘मुंबईहून आलेले’ असेच लिहिलेले असे. हा योगायोग होता का? विषाणूला पाय नसतात, तो माणसाच्या घशातून प्रवास करतो. यात तुमचा अपमान नाही, हा केवळ हिशेब आहे. शिवाय आमच्या गावात साठीच्या पुढची माणसे किती आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्राणवायूचे सिलिंडर किती, हे ज्याला माहीत होते त्याला रात्री झोप येत नव्हती. तुमच्या खोलीत अकरा जण होते हे मान्य. पण त्या अकरांतले नऊ जण एकाच आठवड्यात ज्या वाडीत उतरले, तिथे डॉक्टर एकही नव्हता.

मिरजमार्गे

मी ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञ होतो. तुम्ही दोघेही माणसांवर भांडत आहात आणि ज्या गोष्टीमुळे साथ हाताबाहेर गेली ती बाजूलाच राहिली आहे.

जून २०२० पर्यंत रत्नागिरीत आरटी-पीसीआर तपासणीची प्रयोगशाळाच नव्हती. घशातला स्राव घेतला की नळी शीतपेटीत, पेटी गाडीत आणि गाडी आंबा घाट चढून मिरजेला जात असे. मिरजेच्या प्रयोगशाळेवर आसपासच्या जिल्ह्यांचेही ओझे होते, त्यामुळे अहवाल कधी तिसऱ्या दिवशी येई, कधी सातव्या. आता गणित करा. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच दिवस लागतात, कधी चौदाही लागतात, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या एकदोन दिवसांपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ लागतो. कशेडीला कपाळावर धरलेल्या तापमापकाला यातले काहीही दिसत नाही. मी स्वतः एका मुलाचा स्राव घेतला होता. अहवाल आला तेव्हा त्याच शाळेत, त्याच संडासाच्या रांगेत, त्याच्याबरोबर सोळा जणांनी पाच दिवस काढले होते. आत शिरताना त्यांच्यातले कितीजण निरोगी होते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शाळेत ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे; अनोळखी घशांना एका छपराखाली आणणे होते ते.

खाडीकाठ

तर मग आम्ही त्यांना कुठे ठेवायचे होते? तारांकित हॉटेलात?

परळची चाळ

आमच्या घरात. माझे घर शाळेपासून दोनशे पावलांवर आहे आणि वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप असते. मी एकटा त्यात चौदा दिवस राहिलो असतो तर कोणाला धोका होता? पण कृती दलाने ठरवले की घर ‘सामायिक’ आहे आणि चुलत्यांची हरकत आहे. साथीच्या नावाखाली कोणाचे कोणते हिशेब चुकते झाले, ते आम्हाला कळत नाही असे समजू नका.

खाडीकाठ

आता खरे बोललात. सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत, त्यातली तेरा मुंबईला. घराचे कौल दर पावसाळ्याआधी कोण परतते? घरपट्टी कोण भरते? वाड्यातल्या काजूच्या बिया मात्र वाटणीनुसार सतरा ठिकाणी जाव्या लागतात. गणपतीला पाच दिवस येऊन गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधली की गाव आपले झाले, अशी तुमची समजूत आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आले तेव्हा मंडणगड-दापोलीकडच्या माझ्या बहिणीच्या घराचे पत्रे उडाले, माड आडवे झाले, आणि ते उचलायला गावातलीच माणसे होती.

परळची चाळ

तुमच्या बहिणीचे पत्रे उचलायला दोन चाकरमानी पोरे होती, कारण ती त्या वेळी शाळेतून नुकतीच सुटली होती. विचारा तिला. आणि घरपट्टीचे पैसे दर वर्षी मनीऑर्डरने येत असत, तेव्हा ते कोणाच्या हातात पडत, हेही विचारा.

दोन्हीकडची सून

माझे माहेर खाडीकाठचे आणि सासर डोंबिवलीत, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाण्याचा अनुभव मला आहे. घरपट्टीचा हिशेब कृपया खासगीत करावा.

ऑगस्टची गोष्ट सांगते. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सरकारने सांगितले की १२ तारखेपर्यंत गावी पोहोचा, दहा दिवस घरात राहा. त्यानंतर येणाऱ्याने तपासणी करून यावे. आधी चौदा दिवस लागत होते, सणासाठी ते दहा कसे झाले, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. आम्ही ११ तारखेला एसटीने पोहोचलो. सासूबाईंना मागच्या पडवीत वेगळे ठेवले. शेजारच्या वाडीतल्या बायका मात्र रोज दुपारी भजनाच्या तालमीला आमच्याच खळ्यात जमत होत्या, कारण त्या ‘गावातल्या’ होत्या आणि गावातल्यांना कोरोना होत नाही अशी पक्की समजूत होती. सासूबाईंना ताप आला तो आम्ही आल्यापासून सव्विसाव्या दिवशी. आम्ही सगळे तोवर तपासणीत निगेटिव्ह होतो. तरीही गावात आजतागायत सांगितले जाते की म्हातारीला सुनेने मारले. त्या वाचल्या आणि आता रोज सकाळी दूरध्वनीवर माझ्याशी भांडतात, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

जुना दस्तऐवज

दोष देण्याची ही रीत शंभर वर्षे जुनी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, जूनमध्ये, मुंबईत गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने पडले आणि शहराने बोट दाखवले ते महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या जहाजाकडे. शरद ऋतूतली दुसरी लाट त्याहून कितीतरी घातक निघाली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. ती लाट देशभर पसरली ती आगगाडीच्या रुळांवरून. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हतीच, हर्णै-दाभोळ-जयगडला आगबोटी लागत आणि त्याही पावसाळ्यात बंद असत. त्यामुळे कोकणापुरता अभ्यास करणाऱ्याने पहिल्या आणि दुसऱ्या लाटेत बोटींचे वेळापत्रक…

खाडीकाठ

साहेब, आगबोटी राहू द्या. येथे सव्वीस दिवसांचा प्रश्न निघाला आहे आणि त्याचे उत्तर मला द्यायचे आहे. बाईंच्या सासूबाईंचे मला मनापासून वाईट वाटते. पण एका घराच्या गोष्टीने सगळ्या जिल्ह्याचा आलेख पुसला जात नाही.

मिरजमार्गे

मग आलेखच पाहू. तुमचा मे २०२० चा आलेख मला मान्य आहे: त्या महिन्यात संसर्ग बाहेरून आला आणि प्रामुख्याने मुंबईहून आला. परळकरांनीही हे एकदा म्हणून टाकावे, त्याने आकाश कोसळणार नाही. पण २०२१ चा आलेखही पाहा. त्या वर्षी जूनमध्ये राज्याने पाच स्तरांत निर्बंध उठवायला सुरुवात केली तेव्हा मुंबई सावरत होती आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग कडक निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकले होते. ही दुसरी लाट ज्या शिमग्यात, ज्या लग्नांत आणि ज्या हळदींत वाढली, तिथले वऱ्हाड मुंबईचे होते की गावचे? माझ्या रुग्णालयात एका हळदीतून एकाच आठवड्यात चौदा जण आले, आणि त्यातला नवरामुलगा कधी चिपळूणच्या पुढे गेलेला नव्हता.

परळची चाळ

शिवाय त्याच जूनमध्ये डेल्टा प्लस हा विषाणूचा नवा प्रकार सापडला. राज्यभरातल्या साडेसात हजार नमुन्यांत २१ रुग्ण निघाले, त्यातले ९ एकट्या रत्नागिरीचे, आणि मुंबईचे फक्त दोन. त्या प्रकाराचा राज्यातला पहिला नोंदलेला मृत्यूही रत्नागिरी जिल्ह्यातलाच. आता खाडीकाठांच्या न्यायाने मुंबईने कशेडीला रत्नागिरीकरांचे कपाळ तपासायला हवे होते.

मिरजमार्गे

परळकर, जिंकल्याच्या आनंदात चुकीचा पत्ता टाकू नका. जिथून नमुने जनुकीय तपासणीला जातात तिथेच नवा प्रकार ‘सापडतो’. नऊ रुग्ण सापडले म्हणजे तो रत्नागिरीत जन्मला असे नव्हे. तो आणखी कुठे कुठे होता आणि दिसला नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. मे २०२० च्या यादीलाही हेच लागू आहे, हे मी खाडीकाठांच्या सोयीचे नसले तरी सांगतो. त्या महिन्यात स्राव कोणाचे घेतले जात होते? मुंबईहून आलेल्यांचे. गावातल्या माणसाला ताप आला तर त्याला पावसाआधीचा ताप म्हणून गोळी दिली जाई. शोधले तिथे सापडले.

खाडीकाठ

हे मात्र आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही. वरून कागद यायचा, ‘बाहेरून आलेल्यांची यादी करा’, आम्ही केली. कागदावर ‘गावातल्यांची यादी करा’ असे असते तर तीही केली असती.

तुम्हा तिघांच्या समाधानासाठी आज कपाटातून कृती दलाची नोंदवही काढली. कव्हरला वाळवी लागली आहे, आतली शाई वाचता येते. आमच्या वाडीतल्या पहिल्या बाधित रुग्णाचे नाव मुंबईकराचे असेल अशी माझी खात्री होती. ते माझ्या मेहुण्याचे निघाले. तो रोज मोटारसायकलने लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जात होता, आणि ‘बाहेरून आलेला’ या रकान्यात मीच माझ्या हस्ताक्षरात ‘नाही’ असे लिहिलेले आहे. मला ते आठवत नव्हते. अर्थात त्याला कारखान्यात ज्याच्याकडून लागण झाली, तो मुंबईहून आलेला नसेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

परळची चाळ

छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही, हेच तर मी पहिल्यापासून म्हणत होतो. मे महिन्यात आमच्यातल्या काहींबरोबर विषाणू आला असणार, हे मी मिरजमार्गे यांच्या आग्रहाखातर येथे लेखी देतो; तुम्ही मेहुण्याचे लेखी दिलेच आहे.

त्या नोंदवहीत शाळेतल्यांचीही नावे असतील. माझ्या नावापुढे काय लिहिले आहे?

खाडीकाठ

१४ दिवस पूर्ण, लक्षणे नाहीत, एक चटई परत नाही.

परळची चाळ

चटई शाळेचीच होती आणि ती पावसात भिजून कुजली. किंमत कळवा, घरपट्टीबरोबर पाठवतो.