सेट-टॉप बॉक्स १०८०आय वर ठेवावा की ७२०पी वर?

प्रश्न (कोथरूड): ४३ इंची फोर-के टीव्ही, एचडी बॉक्स. क्रिकेट बघताना चेंडूच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. कोणतं सेटिंग ठेवू: १०८०आय (१०८० ओळी, अर्ध्या-अर्ध्या चित्रांत) की ७२०पी (७२० ओळी, दर वेळी पूर्ण चित्र)?

उत्तर १ (सिंहगड रोड): १०८०आय, ५० हर्ट्झ. आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत येतं: एकात विषम ओळी, पुढच्यात सम. दोन्ही जुळवेपर्यंत चेंडू पुढे सरकलेला असतो, म्हणून ते दाते. १०८०आय ठेवलं की ही जुळवणी टीव्हीकडे जाते, आणि बॉक्सपेक्षा टीव्ही ती बहुधा चांगली करतो. ७२०पी वर बारकावे मात्र नक्की जातात.

उत्तर २ (हडपसर): टीव्हीत पिक्चर साइझ 'स्क्रीन फिट' करा, नाहीतर कडा कापून चित्र ताणलं जातं. शार्पनेस उतरवा. गवतात चौकोनी ठोकळे दिसत असतील, तर तो कमी बिटरेटचा (सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या चित्र-माहितीचा) दोष. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही.