टॉर रिलेसाठी व्हीपीएस कुणाकडे घ्यावा?

गोदाकाठ_७२:
नमस्कार मंडळी. टॉरचा (ओळख लपवून नेट वापरायचं जाळं) मिडल रिले, म्हणजे इतरांचं ट्रॅफिक पुढे ढकलणारा मधला सर्व्हर, भाड्याच्या व्हीपीएसवर (व्हर्च्युअल सर्व्हर) टाकायचाय. एक्झिट (शेवटचा, जिथून ट्रॅफिक बाहेरच्या साइटवर जातं आणि ज्याच्यावर तक्रारी येतात) नाही, तेवढी छाती नाही. घरच्या फायबरवरच टाकणार होतो, पण रिलेंचे आयपी जाहीर यादीत असतात आणि काही साइट ते सरसकट अडवतात. बाबांचं नेटबँकिंग त्याच लाइनवर, त्यामुळे घर बाद. महिना ५००-६०० रुपये ठरवलेत. हेट्झनर (जर्मन होस्टिंग कंपनी) स्वस्त दिसतंय. घेऊ? की मुंबईतला बघू?

खटपट्या:
हेट्झनर वाईट नाही हो, पण तिथे रिलेंची आधीच जत्रा भरलीय. ओव्हीएच या दुसऱ्या मोठ्या होस्टिंग कंपनीचंही तेच. टॉरमध्ये ट्रॅफिक एकामागून एक तीन रिलेंतून जातं (या मार्गाला सर्किट म्हणतात); ते तीन रिले तीन वेगळ्या हातांत असावेत, यावर टॉरची सगळी भिस्त. पहिला आणि शेवटचा एकाच कंपनीकडे निघाले तर दोन्ही टोकं तिला दिसणार. एकाच /१६ पट्ट्यातले (आयपीचे पहिले दोन आकडे सारखे असलेले) दोन रिले टॉर एका सर्किटमध्ये घेत नाही हे खरं, पण मोठ्या कंपन्यांकडे असे पट्टे ढिगाने असतात. टॉरच्या रिले सर्चमध्ये कंपनीचा एएस नंबर (तिच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) टाकून गर्दी बघा आणि मग एखादी छोटी कंपनी धरा.

आता ट्रॅफिक. रिलेत जेवढं येतं तेवढंच बाहेर जातं. १० एमबीपीएस सतत चालला तर महिन्याला एका दिशेने सव्वातीन टीबी, दोन्ही मिळून साडेसहा. १ टीबीचा प्लॅन पाच दिवसांत आटपला! ‘अनलिमिटेड’ लिहिलं असेल तर खालचा बारीक मजकूर आधी वाचा. कोटा कमीच असेल तर वेग फार खाली आणू नका, अकाउंटिंगमॅक्स (टॉरमधली कोट्याची मर्यादा) लावा. कोटा संपला की रिले झोपतो. कायम रखडणाऱ्या रिलेपेक्षा ते बरं.

आणि पैसे भरण्याआधी कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाकून विचारा, नॉन-एक्झिट टॉर रिले चालेल का. होकार लेखी हवा. साध्या प्रश्नाला आठवडा लावणारे तक्रार आल्यावर काय करतील?

दर्यावर्दी:
मुंबई नको. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएसवाल्यांना ग्राहकाची माहिती ५ वर्षं ठेवावी लागते, ते एक. पण खरी अडचण पैशांची. इथली बँडविड्थ महाग, तुमच्या बजेटात काहीच बसणार नाही.

गोदाकाठ_७२:
रोमानियातल्या एका छोट्या कंपनीला काल विचारलं. मिडल चालेल, एक्झिट नको, असं तासाभरात उत्तर. घेतोय.

खटपट्या:
झकास. टॉरआरसीत (टॉरच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘एक्झिटरिले ०’ टाका, काँटॅक्टइन्फोत चालू ईमेल द्या. आणि पहिले दोनेक महिने ट्रॅफिक रडतखडतच वाढतं, बिघडलं समजून सर्व्हर पुसू नका.